दिवसातून किती वेळा?



पर्वात आपण 'एकभुक्त' करतो. आपल्या श्वेतांबर मैत्रिणी 'एकासणं' आणि 'बियासणं' म्हणतात. एकदा बसून जेवायचं, किंवा दोनदा बसून जेवायचं. या शब्दांचा अर्थ लहानपणापासून माहीत होता, पण एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. आपल्या लोकांनी खाण्यात 'किती खाल्लं' याच्या जोडीनं 'किती वेळा बसलं' हेही मोजलं होतं. आणि दोन बैठकांचं बियासणं हे तपांमध्ये तसं हलकं समजतात, नव्या मुलींनी सुरुवात करावी असं. म्हणजे ज्या काळात हा शब्द रुळला, त्या काळात दोन वेळा जेवण ही माणसाच्या रोजच्या आयुष्यापासून फार लांबची गोष्ट नव्हती.

आता आपल्याच घरातलं मोजा. मला कॉमर्सची डिग्री घेतल्यापासून मोजायची खोड आहे, म्हणून मी मोजलं. सकाळचा चहा-बिस्किट, नाश्ता, अकराचा चहा, दुपारचं जेवण, चारचा चहा आणि त्याबरोबर चिवडा नाहीतर खारी, मुलं आली की 'काहीतरी', मग जेवण, आणि ज्यांच्या घरी रात्रीचं चालतं तिथं टीव्हीसमोर एखादं पाकीट. सात किंवा आठ बैठका. आणि हे श्रीमंताघरचं नव्हे, साध्या घरातलं आहे.

ही वाढ कशी झाली? माझं असं मत झालं आहे की या वाढलेल्या बैठकांपैकी बहुतेकींना जन्मतारीख आहे, आणि बऱ्याच जणींना जन्माला घालणारा कुणी विकणाराही आहे. भूक आपली होती, पण वेळा दुसऱ्यांनी लावल्या.

मूळ गोष्ट चुलीपासून सुरू होते. चूल पेटवणं हे काम होतं. गोवऱ्या, लाकडं, फुंकणी, डोळ्यांत धूर. शिवाय आपल्यात लाकूड झाडून, जीवजंतू पाहून मगच चुलीत घालायचं. असा उपद्व्याप बाई दिवसातून दोनदा करील; सात वेळा करणार नाही. म्हणून जेवणं दोन. शेतावरच्या घरात सकाळी न्याहारी असायची, ती बहुतेक ठिकाणी रात्रीच्या भाकरीची, बरोबर चटणी किंवा ताक. आपल्या कडक नियमाच्या घरांत शिळं चालत नाही, त्यामुळे तिथं भल्या पहाटे ताज्या भाकरी व्हायच्या. माझी आजी असं करायची. न्याहारी म्हणजे तिच्या लेखी गड्यांना आणि शेतावर जाणाऱ्या पुरुषांना द्यायची शिदोरी. घरातल्या बाया दर्शन करून आल्यावर, सगळं उरकून, थेट जेवायच्या.

मधलं खाणं नव्हतंच असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. फुटाणे, शेंगा-गूळ, लाह्या, हुरडा, आमच्या सांगली-जयसिंगपूरकडचं भडंग, हे सगळं होतं. 'खाऊ' हा शब्दच जुना आहे. पण खाऊ हा बाजाराच्या दिवसाचा, जत्रेचा, मामाच्या येण्याचा. 'फराळ' शब्द तर 'फलाहार' वरून आलेला, म्हणजे उपवासाला फळं खाऊन राहणं. त्याचा चकली-चिवडा-शंकरपाळी कसा झाला हे वेगळं प्रकरण आहे. तोही वर्षातून एकदा, डबे भरून, आणि तो संपला की संपला.

आणि जुन्या काळाची फार आरती ओवाळायलाही मी तयार नाही. देशातल्या कितीतरी घरांत दोन बैठका या नियमानं नव्हत्या, गरिबीनं होत्या. आणि कितीतरी ठिकाणी दुसरी बैठक नसायचीच. ज्या घरात होती, तिथं बाई शेवटी बसायची आणि उरलंसुरलं खायची. इथं आपल्या घरांतल्या एका गोष्टीकडे मला तुमचं लक्ष वेधायचं आहे. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा नियम पुरुषांना होता तसा बायकांनाही होता. सूर्य काही बाईसाठी थांबत नाही. त्यामुळे संध्याकाळच्या जेवणात तरी घरातल्या सुनेला 'सगळ्यांचं झाल्यावर रात्री दहाला' बसावं लागत नसे. तिचं ताटही उजेडातच वाढलं जायचं. अहिंसेसाठी केलेल्या नियमाचा हा फायदा कुठल्या ग्रंथात लिहिलेला मी वाचलेला नाही, पण माझ्या सासूबाईंनी, आम्ही त्यांना आक्का म्हणायचो, तो मला स्वतःच्या तोंडानं सांगितला होता. त्यांच्या शेजारच्या घरातली सून रात्री अकराला जेवायची, त्यावरून विषय निघाला होता.

आता पहिली नवी बैठक. चहा.

आसामचा चहा १८३९ मध्ये लंडनच्या लिलावात पहिल्यांदा विकला गेला. पुढची कित्येक वर्षं तो आपल्या देशात पिकत होता आणि परदेशात पीत होते. आपल्याकडे चहा म्हणजे साहेबाचं पेय, किंवा सर्दीवरचं औषध. त्याच्याभोवती विटाळाची भीतीही होती. पुण्याचं पंचहौद मिशनचं चहा प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. १८९० च्या ऑक्टोबरात तिथल्या मिशनऱ्यांकडे पुण्याची मोठमोठी मंडळी व्याख्यानाला गेली. लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. बोलावणं जमवून आणणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. समोर चहा आणि बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी नुसता कप हातात धरला. नंतर गोपाळरावांनीच सगळ्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि गावात वणवा पेटला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, टिळकांना आणि रानड्यांना प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावं लागलं. एका कप चहाचं!

त्यानंतर पन्नास-साठ वर्षांत तोच चहा देवपूजेच्या आधी घ्यायचा झाला. हे आपोआप झालं नाही. १९०३ मध्ये सरकारनं कायदा करून निर्यात होणाऱ्या चहावर एक उपकर लावला, आणि तो पैसा चहाच्या प्रचाराला वापरायचा ठरवलं. म्हणजे जाहिरातीसाठी कराच्या रूपानं पैसा उभा केला. सुरुवातीला त्यातला मोठा वाटा परदेशातल्या प्रचारावर जायचा. पण १९३० च्या सुमारास जगात मंदी आली, चहाचे साठे पडून राहिले आणि मळेवाल्यांना आठवलं की आपल्या दाराशीच कोट्यवधी माणसं आहेत ज्यांना चहाची सवय नाही. मग रेल्वे स्टेशनांवर चहाचे स्टॉल, कापड गिरण्यांत आणि कारखान्यांत चहाची सुट्टी, चौकाचौकांत रंगीत फलक: पाणी किती, पत्ती किती, किती मिनिटं झाकून ठेवायचं. प्रचारक ठरलेल्या गल्लीत ठरलेल्या वेळी जाऊन चहा करून दाखवायचे आणि फुकट पाजायचे. रोज त्याच वेळी फुकट मिळालेली वस्तू काही दिवसांनी त्याच वेळी हवीशी वाटते, हे त्यांना बरोबर कळलं होतं. प्रचारकांची एकच तक्रार असायची, लोक पत्ती कमी आणि दूध-साखर जास्त घालतात. आपल्या लोकांनी चहाचं आपल्या पद्धतीनं केलं ते असं!

गांधीजी चहाच्या विरोधात होते. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर जे पुस्तक लिहिलं त्यातही त्यांनी चहा-कॉफीची खबर घेतली आहे. पण चहाच जिंकला. त्यातून १९३० मध्ये आसामात पत्तीचे बारीक दाणे करणारं सीटीसी यंत्र निघालं. या दाण्यांचा रंग पटकन उतरतो, थोड्या पत्तीत जास्त कप होतात. स्वातंत्र्यानंतर ही पत्ती देशभर पसरली आणि चहा गरिबालाही परवडू लागला.

आक्कांची जमाखर्चाची वही माझ्याकडे आहे. त्या सातवी शिकलेल्या, पण हिशोब असा की माझ्या कॉलेजच्या प्राध्यापकांनी पाहावा. त्या वहीत सुरुवातीच्या वर्षांत चहा 'पाहुणे-रावळे' या खात्यावर टाकलेला आहे. बिस्किटाचा पुडा 'आजारपण' या खात्यावर! पाव तर फक्त घरात कुणाला ताप असला तरच दिसतो. हळूहळू चहा 'किराणा' मध्ये येतो, मग त्याच्या मागोमाग बिस्किटं 'किराणा' मध्ये येतात. खर्चाचं खातं बदललं की समजावं घराची सवय बदलली. पाहुण्यांचं आणि आजाऱ्यांचं खाणं रोजचं झालं, हे एवढं स्पष्ट मला दुसऱ्या कुठल्या कागदात दिसलं नसतं.

चहाला बिस्किट लागतंच. कलकत्त्याला ब्रिटानिया १८९२ ची, मुंबईत पार्ल्याला पार्लेची सुरुवात १९२९ ची आणि त्यांची बिस्किटं १९३९ पासूनची. दुसऱ्या महायुद्धात सैन्याला बिस्किटं पुरवता पुरवता हे कारखाने वाढले. युद्ध संपल्यावर यंत्रं होती, माल होता, गिऱ्हाईक मात्र आता शिपाई नव्हता. तो मग आपल्या घरातला शाळकरी मुलगा झाला.

चहाइतकंच महत्त्व मी स्टोव्हला आणि गॅसला देते, आणि इतिहास लिहिणारे पुरुष ते सहसा देत नाहीत. मुंबईत १९५५ मध्ये घरगुती गॅसची सिलिंडरं मिळायला लागली, इतर गावांना पोचायला आणखी पंधरा-वीस वर्षं गेली. रॉकेलचा स्टोव्ह त्याआधीच आला होता. आता विस्तव काडीसरशी हजर. मग दुपारी चारला चहा करायला काय हरकत? पाहुणा आला, पोहे टाका. ज्या दिवशी चूल गेली त्या दिवशी 'दोनदाच' या नियमामागचं कष्टाचं कारण गेलं. उरलं फक्त व्रताचं कारण, आणि ते प्रत्येकाच्या मनावर.

दुसरा मोठा धक्का सरकारी घड्याळाचा. शेतीच्या आणि दुकानाच्या घरांत संध्याकाळी साडेपाचला जेवण जमतं. आमच्या सासरी पेठेत दुकान होतं, मामंजी पाच-सव्वापाचला जेवायला वर यायचे, गिऱ्हाइकांनाही ते ठाऊक होतं. पण ज्यांची मुलं शिकून कचेरीत गेली त्यांचं काय? मुंबईत डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जुलैत सव्वासात वाजून जातात. उन्हाळ्यात कसंबसं जमेल, थंडीत कचेरी सुटेपर्यंतच अंधार. मुंबईत १८९० पासून डबेवाले आहेत. महादू हावजी बच्चे यांनी तो धंदा उभा केला. त्यांच्या डब्यानं दुपारचं जेवण सांभाळलं. संध्याकाळचं मात्र ज्यानं त्यानं आपल्या परीनं सांभाळलं. कुणी कचेरीतच दुसरा डबा उघडायचं, कुणी स्टेशनवर फळं खाऊन भागवायचं. बरेच जण म्हणाले, घरी जाऊन रात्री जेवू. आणि रात्री नऊला जेवायचं ठरलं की दुपारी एक ते रात्री नऊ हे आठ तास रिकामे राहिले. पाचचं खाणं तिथं शिरलं. माझ्या मते आपल्या देशातल्या मधल्या खाण्याचं हेच मोठं कारण आहे: जेवण उशिरा सरकलं आणि मागे जागा रिकामी सोडून गेलं. १९६६ मध्ये दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडापाव लावला असं सांगतात. तो संध्याकाळी घरी परतणाऱ्या गिरणी कामगारांच्या आणि कारकुनांच्या नेमक्या याच भुकेवर चालला.

पाव सर्वत्र झाला, त्यामागे गहू आहे. १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत रेशनिंग लागू झालं. तांदूळ खाणाऱ्यांना गहू घ्यावा लागला, ज्वारी खाणाऱ्यांना मिळेल ते. पुढे १९५६ पासून अमेरिकेचा पी. एल. ४८० चा गहू येऊ लागला. १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध आणि वर दुष्काळ; पंतप्रधान शास्त्रीजींनी सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडायला सांगितलं, आणि हॉटेलंसुद्धा त्या वेळी बंद राहू लागली. आमच्या घरातले मोठे गमतीनं म्हणायचे, आता सगळा देश आठवड्यातून एकदा जैन झाला. त्याच १९६५ मध्ये सरकारनंच मॉडर्न बेकरीज काढली, म्हणजे पाव आता सरकारी अन्न झाला. पन्नास वर्षांपूर्वी ज्याला विटाळ मानत होते तो!

१९७२ च्या दुष्काळात मी शाळेत होते. रेशनवर लाल मिलो आली होती. तिच्या भाकरी थापताना आईच्या हातून तुटायच्या आणि ती रडकुंडीला यायची. खडी फोडणाऱ्या बायकांना कामावर सुकडी मिळायची. मी हे मुद्दाम लिहिते, कारण आज आपण 'लोक किती खातात' म्हणून नाकं मुरडतो, तेव्हा हा देश अन्नासाठी बंदराकडे डोळे लावून बसला होता हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना त्या पाकिटामागचा आनंद कळायचा नाही. ज्या माणसानं लहानपणी मिलो खाल्ली, तो मुलाला बिस्किटाचा पुडा देताना लाड करत नसतो, भीती घालवत असतो.

ज्वारी-बाजरी मागे पडली ती त्या वर्षांत. गहू, साखर, वनस्पती तूप, मैदा: बाजारच्या खाण्याचे चार खांब. पिवळ्या डब्यावर हिरवं झाड असलेला डालडा १९३७ चा. तूप-तेलापेक्षा स्वस्त, टिकाऊ, आणि हलवायाला फार सोयीचा. आपल्या घरांत तो येतो की नाही यावर खूप वाद झाले. १९८३ मध्ये वनस्पतीत गाईच्या चरबीची भेसळ झाल्याचं प्रकरण देशभर गाजलं तेव्हा आक्कांनी शांतपणे उरलेला डबा बाहेर काढला आणि परत कधी आणला नाही. बिस्किटं मात्र घरात येत राहिली, आणि ती कशात करतात हे विचारायचं आम्हा कुणालाच सुचलं नाही. पाकिटावरचा हिरवा ठिपका आला तो २००१ मध्ये.

जाता जाता साबुदाण्याचंही सांगते. आपल्या शेजारणी उपवासाला साबुदाणा खातात तेव्हा आपल्याला वाटतं ही काही पुरातन चाल असेल. आधी साबुदाणा मलायाकडून यायचा. महायुद्धात तो थांबला आणि १९४३ च्या सुमारास तमिळनाडूत सेलमला टॅपिओकाच्या कंदापासून तो करायला लागले. म्हणजे आज मिळतो तो बहुतेक साबुदाणा कंदाचाच, आणि आपण कंदमुळं टाळतो तर याचा विचार करायला हवा. बटाटा आणि शेंगदाणा हेही अमेरिका खंडातून आलेले पाहुणेच, 'बटाटा' हा शब्दही पोर्तुगीज. खिचडीतल्या तीन मुख्य वस्तू बाहेरच्या, आणि खाणं मात्र व्रताचं! यात कुणाची चेष्टा नाही. लोक जे हाताशी येतं त्याचं व्रत करतात.

१९८२ मी लग्न होऊन आले ते वर्ष, आणि त्याच वर्षी रंगीत टीव्ही आला. १९८४ मध्ये 'हम लोग', १९८७ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण'. आधी जेवणाची वेळ सूर्यावर होती, मग कचेरीवर गेली, आता कार्यक्रमावर आली. रविवारी सकाळी गल्लीत माणूस दिसायचं नाही, आणि सगळे एकत्र बसलेत म्हटल्यावर समोर परातभर पोहे किंवा चिवडा ठेवावाच लागायचा. हातात ताटली घेऊन, पानावर न बसता खाणं आमच्या घरात तेव्हा सुरू झालं. १९८३ मध्ये दोन मिनिटांच्या मॅगी नूडल्स आल्या. त्यांनी एक वेगळीच गोष्ट केली: मुलांनी आईला न विचारता स्वतः करून खाण्याची बैठक. पुढे १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि वेफर्स-कुरकुरीतची छोटी पाकिटं खेड्यातल्या टपरीवर माळेसारखी लटकू लागली. पाच रुपयांचं पाकीट, किंमत तीच ठेवायची आणि वजन हळूच कमी करायचं. हिशोब शिकलेल्या बाईला यातली हुशारी लगेच कळते. गिऱ्हाईक किंमत लक्षात ठेवतं, ग्रॅम लक्षात ठेवत नाही.

पाकिटानं आपल्या एका जुन्या शब्दालाही धक्का दिला. तो शब्द 'मर्यादा'. पावसाळ्यात पीठ तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. गाळलेलं पाणी दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. उकळलेलं चोवीस तास. प्रत्येक वस्तूला तिची मुदत, आणि ती घरातल्या बाईच्या डोक्यात. आता मुदत पाकिटावर छापलेली असते, 'सहा महिन्यांच्या आत वापरा'. ज्या पिठाची मर्यादा पावसात तीन दिवस, त्याच पिठाचं बिस्किट सहा महिने चालतं, हे आक्कांना कधी पटलं नाही. त्या म्हणायच्या, जे नासत नाही त्याला मुंगीनं तरी का तोंड लावावं? मी त्यांना हवाबंद पॅकिंग समजावून सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि बिस्किट ताटलीत तसंच ठेवलं.

पण याच काळाची दुसरी बाजू मी झाकणार नाही. तयार खाण्यानं बायकांचे तास वाचवले, आणि बायकांना कमाईही दिली. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं लिज्जत झालं. आपल्या समाजातल्या किती विधवांनी आणि परित्यक्तांनी पापड, मेतकूट, चिवड्यावर मुलं शिकवली हे आपल्याला माहीत आहे. ज्या सूनबाई बँकेतून सात वाजता येतात त्यांनी रोज मुलांच्या पाचच्या खाण्याला ताजं काय करावं, हे सांगणं घरी बसलेल्या मला फार सोपं आहे.

आता आकडे. सरकारची कुटुंबखर्चाची पाहणी असते. १९९९-२००० मध्ये खेड्यातलं कुटुंब महिन्याच्या शंभर रुपये खर्चातले साधारण बावीस रुपये धान्यावर खर्च करत होतं. २०२२-२३ च्या पाहणीत ते पाच रुपयांच्याही खाली आले. शहरात बारावरून साडेतीनच्या जवळपास. आणि पेयं, तयार खाणं, बाहेरचं खाणं या सगळ्यावर २०२२-२३ मध्ये खेड्यात साडेनऊ रुपयांच्या वर आणि शहरात साडेदहाच्या वर. म्हणजे शहरातलं घर धान्याच्या जवळजवळ तिप्पट पैसा पाकीट, पेय आणि हॉटेलवर घालतं. आकड्यांची एक बाजू लक्षात ठेवायला हवी: रेशनवर धान्य स्वस्त किंवा फुकट मिळतं, आणि लोकांचं उत्पन्नही वाढलं, म्हणून धान्याचा वाटा कमी दिसतो. तो सगळाच बदल चटकेपणाचा नाही. पण खेड्यातसुद्धा चहा-बिस्किट-वेफर्सचं खातं धान्याच्या खात्याच्या पुढे गेलं, हे आक्कांच्या वहीत कुणी लिहिलं असतं तर त्यांनी बेरीज परत करायला लावली असती.

२०२३ मध्ये आयसीएमआरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि त्याच्या उंबरठ्यावर साडेतेरा कोटींच्या आसपास. त्यातले एक आमच्या घरात आहेत. आमच्या यजमानांना निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, थोड्या थोड्या वेळानं थोडं खा, रात्री झोपण्यापूर्वी दूध घ्या. यजमान म्हणाले, रात्रीचं चालणार नाही. डॉक्टर जरा चिडले. मी मध्ये पडून विचारलं, गोळ्यांच्या वेळा बदलून जमेल का? त्यांनी विचार केला, साखर चार आठवडे लिहून आणायला सांगितली, आणि मग गोळीची वेळ पुढे-मागे करून संध्याकाळी सहाचं जेवण बसवून दिलं. मैत्रिणींनो, हे आमच्या घरचं आहे. तुमच्या घरी इन्सुलिन असेल तर स्वतःच्या मनानं काही करू नका, आधी विचारा. औषधासाठी वेळ मोडावी लागली तर साधूंनीही कधी गृहस्थाला दोष दिलेला मी ऐकला नाही.

आजकाल नातीच्या मोबाइलमध्ये 'सोळा तास उपाशी राहा' असं येतं. ती मला म्हणाली, आजी, हे तर तुझंच. मला बरं वाटलं, पण खरं सांगू का, मला ते पूर्ण पटत नाही. आपला नियम वजन उतरवण्यासाठी नव्हता. अंधारात जीव दिसत नाहीत, दिव्यावर किडे येतात, ताटात पडतात, म्हणून होता. आणि पोटभर न खाता थोडं कमी खाणं, ज्याला आपण अवमौदर्य म्हणतो, ते तपात मोजलं आहे. औषधाच्या यादीत नाही. उपाशी राहण्याचं जे कौतुक आज चाललंय ते उद्या दुसऱ्या कुणाचं तरी निघेल, तेव्हा त्याच्या खांद्यावर आपला नियम ठेवू नये. शिवाय आपल्यातही 'जैन' लिहिलेल्या पाकिटांची रांग लागली आहे. कांदा-लसूण-बटाटा नाही एवढंच. तळण तेच, मैदा तोच, मीठ तेच. कच्च्या केळ्याचे वेफर्स दिवसातून तीन वेळा खाल्ले तर केळं काही आपल्याला वाचवायला येत नाही.

गेल्या महिन्यात महिला मंडळात एक प्रश्न आला आहे, त्यावर मला तुमचं मत हवं आहे. पर्वातल्या संध्याकाळच्या प्रवचनाला नोकरी करणाऱ्या मुली थेट कचेरीतून येतात, घरी जाऊन जेवायला वेळ राहत नाही. काहींचं म्हणणं आहे की बसदीच्या बाजूच्या हॉलमध्ये प्रवचनानंतर चहा-नाश्ता ठेवावा. मी म्हटलं, त्याऐवजी सव्वापाच ते सहा गरम जेवण ठेवू. भात, आमटी, एक भाजी, ज्वारीची भाकरी. वाढायला आम्ही साठीच्या बाया आहोतच. खजिनदारीण म्हणाल्या, जेवणाचा खर्च नाश्त्याच्या दुप्पट येईल. मी हिशोब मांडून दाखवला: ज्वारी, डाळ आणि मोसमातली भाजी आपणच आणून रांधली तर ताट समोसा-चहापेक्षा फक्त थोडं महाग पडतं. गॅस धरला, भांडी घासणाऱ्या बाईंचे पैसे धरले. तीन घरांनी ज्वारी द्यायचं कबूल केलं आहे. पुढच्या बैठकीत ठरेल. तुमच्या गावी कुणी असं केलं असेल तर किती माणसं येतात, आणि सहाच्या आत खरंच उरकतं का, ते जरूर कळवा.